विश्लेषण : सिनेमातल्या दोन बायका एकमेकींशी काय बोलतात? ‘बेकडेल चाचणी’ काय सांगते आणि काय सांगत नाही?

तुम्ही शेवटचा पाहिलेला सिनेमा आठवा. त्यात नाव असलेल्या किमान दोन बायका होत्या का? त्या एकमेकींशी बोलल्या का? आणि बोलल्या असतील, तर नवरा, प्रियकर, बाप, मुलगा, बॉस किंवा व्हिलन सोडून दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलल्या का? तिन्ही प्रश्नांना ‘हो’ असं उत्तर देताना तुम्ही जरा थांबला असाल, तर तुम्ही एकटे नाही. गेल्या रविवारी आमच्या घरात याच प्रश्नांवरून मोठा वाद झाला.

झालं असं, की या लेखासाठी मी घरी ‘अशी ही बनवाबनवी’ लावला आणि मोबाइलवर स्टॉपवॉच उघडून बसलो. ठरवलं होतं, की बायका एकमेकींशी बोलायला लागल्या की स्टॉपवॉच सुरू करायचं आणि पुरुषाचा विषय निघाला की बंद. लीलाबाई काळभोर ‘पार्वती’शी बोलायला लागल्या आणि मी बटण दाबणार, तेवढ्यात धाकटी बहीण ओरडली, ‘‘अरे, तो लक्ष्या आहे! साडी नेसली म्हणून काय झालं?’’ आई म्हणाली, ‘‘पण लीलाबाईंना कुठे माहितीये? त्यांच्या दृष्टीनं बाईच की ती.’’ पुढची दहा मिनिटं सिनेमा पॉजवर होता आणि स्टॉपवॉच शून्यावर.

सिनेमातल्या बायकांच्या बोलण्यावरून सिनेमा तपासायच्या या पद्धतीला ‘बेकडेल चाचणी’ म्हणतात. ती कुठून आली, जगात तिचा वापर कसा होतो, ती कुठे फसते आणि मराठी-हिंदी सिनेमांना लावली तर काय दिसतं, ते समजून घेऊ.

चाचणी नेमकी काय आहे?

नियम तीनच आहेत. सिनेमात किमान दोन स्त्रिया हव्यात. त्या एकमेकींशी बोलल्या पाहिजेत. आणि ते बोलणं पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल तरी असलं पाहिजे. पुढे वापरणाऱ्यांनी त्यात एक अट वाढवली, की त्या दोघींना नावं असली पाहिजेत. म्हणजे ‘नर्स क्रमांक दोन’ किंवा ‘भाजीवाली’ चालणार नाही. काही जण संभाषण किमान एक मिनिट चाललं पाहिजे असाही आग्रह धरतात, पण मूळ नियमात तसं काही नाही. एक वाक्य पुरतं. ‘पाऊस येणार बहुतेक’, ‘हो, कपडे काढून घेते’ एवढं जरी दोघींमध्ये झालं तरी सिनेमा पास.

इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं, तर तीन अटी ‘अँड’नं जोडल्यात आणि पासिंगचे मार्क अगदीच कमी ठेवलेत. इतकी सोपी परीक्षा असूनही इतके जण नापास होतात, म्हणून तर तिची चर्चा होते.

ती आली कुठून?

कुठल्या विद्यापीठातून नाही, तर एका कॉमिक स्ट्रिपमधून. ॲलिसन बेकडेल या अमेरिकन व्यंगचित्रकार. ‘डाइक्स टू वॉच आउट फॉर’ ही त्यांची चित्रमालिका १९८३ मध्ये सुरू झाली आणि २००८ पर्यंत चालली. समलैंगिक स्त्रियांच्या एका मित्रपरिवाराचं रोजचं जगणं हा तिचा विषय होता. १९८५ मधल्या ‘द रूल’ नावाच्या भागात दोन मैत्रिणी सिनेमा बघायला निघतात. त्यातली एक म्हणते, मी वर सांगितलेल्या तीन अटी पूर्ण करणारेच सिनेमे बघते. आणि तिनं शेवटचा पाहिलेला सिनेमा कोणता, तर १९७९ चा ‘एलियन’. त्यात अंतराळयानातल्या दोन स्त्रिया राक्षसाबद्दल बोलतात, एवढ्यावर तो पास. शेवटी दोघी थिएटरकडे पाठ फिरवून घरी जातात. विनोद एवढाच होता.

ही कल्पना बेकडेल यांची स्वतःचीही नव्हती. लिझ वॉलेस या मैत्रिणीनं ती बोलता बोलता मांडली होती आणि बेकडेल यांनी त्याच भागात तिला श्रेयही दिलं होतं. त्यामुळे ‘बेकडेल-वॉलेस चाचणी’ हे नाव जास्त बरोबर आहे. बेकडेल यांच्या मते वॉलेस यांना ही कल्पना व्हर्जिनिया वुल्फ यांच्या लेखनातून सुचली असावी. वुल्फ यांनी १९२९ च्या ‘अ रूम ऑफ वन्स ओन’मध्ये हीच तक्रार कादंबऱ्यांबद्दल केली होती. पुस्तकांतल्या बायका जवळजवळ नेहमी पुरुषाच्या नात्यातूनच दिसतात, असं त्यांचं म्हणणं होतं. मग त्या एका अशा कादंबरीची कल्पना करतात, जिच्यात दोन मैत्रिणी एकाच प्रयोगशाळेत काम करतात. एवढी साधी गोष्ट त्यांना त्या काळी नवी वाटली होती.

‘एलियन’बद्दल एक मजेशीर तपशील. त्याच्या मूळ पटकथेत अशी सूचना होती, की यानातलं कुठलंही पात्र स्त्री किंवा पुरुष कुणीही करू शकेल. म्हणजे नायिका ‘बाई’ म्हणून लिहिलीच गेली नव्हती, ती फक्त यानावरची एक कर्मचारी होती. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

विनोदाचा नियम कसा झाला?

वीसेक वर्षं ही चित्रपट्टी तिच्या वाचकांपुरतीच राहिली. इंटरनेट आल्यावर ती पसरली. एका वेबसाइटवर लोक स्वतःच सिनेमांची नोंद करू लागले आणि हजारो सिनेमांची यादी तयार झाली. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या चार चित्रपटगृहांनी ही चाचणी पास होणाऱ्या सिनेमांना ‘ए’ असा शेरा द्यायला सुरुवात केली. (आपल्याकडे पोस्टरवर ‘ए’ दिसलं की घरच्यांबरोबर जायचा बेत रद्द होतो, तिकडे उलट.) स्वीडिश फिल्म इन्स्टिट्यूटनंही या उपक्रमाला पाठिंबा दिला. त्यावर टीकाही झाली, की सिनेमाचा दर्जा असा तीन प्रश्नांत मोजतात का? पुढच्याच वर्षी ‘युरिमाज’ या सिनेमांना अर्थसाहाय्य देणाऱ्या युरोपीय निधीनं अर्ज करणाऱ्यांच्या पटकथांबाबत ही माहिती घ्यायला सुरुवात केली.

आकडे काय सांगतात?

२०१४ मध्ये ‘फाइव्हथर्टीएट’ या अमेरिकन डेटा पत्रकारितेच्या संकेतस्थळानं १९७० ते २०१३ या काळातले १,७९४ सिनेमे तपासले. १९९० नंतरच्या सिनेमांपैकी साधारण निम्मेच चाचणी पास होत होते. त्याहून महत्त्वाचं असं, की पास होणाऱ्या सिनेमांना मिळालेलं बजेट कमी होतं, पण गुंतवलेल्या प्रत्येक डॉलरमागे त्यांची कमाई कमी नव्हती. म्हणजे ‘बायकांचे सिनेमे चालत नाहीत’ या निर्मात्यांच्या नेहमीच्या कारणाला आकड्यांचा आधार मिळत नव्हता.

मुलांच्या सिनेमांचं काय? कार्मेन फॉट आणि कॅरन आयझेनहॉवर या भाषाअभ्यासकांनी डिस्नेच्या राजकन्यांच्या सिनेमांतले संवाद मोजले. ‘अल्लाद्दीन’मध्ये सुमारे ९० टक्के बोलणं पुरुषपात्रांचं निघालं. ‘मुलान’ची नायिका स्वतः युद्धावर जाते, पण तिथेही ७७ टक्के संवाद पुरुषांचे. आणि ‘फ्रोझन’? दोन बहिणींची गोष्ट, जगभरातल्या मुलींनी निळे फ्रॉक घालून डोक्यावर घेतलेली. तिथेही पुरुषांचा वाटा ५९ टक्के! गंमत म्हणजे १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’मध्ये हे प्रमाण जवळपास निम्मं-निम्मं होतं. म्हणजे काळ पुढे गेला की आपोआप सुधारणा होते, असं काही नाही.

आपल्याकडे बघू. जीना डेव्हिस इन्स्टिट्यूटच्या २०१४ च्या पाहणीत अनेक देशांच्या लोकप्रिय सिनेमांत बोलणाऱ्या किंवा नाव असलेल्या पात्रांत स्त्रियांचं सरासरी प्रमाण ३०.९ टक्के होतं. भारतात ते सुमारे २५ टक्के होतं, म्हणजे चारात एक. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, म्हणजे ‘टिस’मध्ये, प्रा. लक्ष्मी लिंगम यांच्या नेतृत्वाखाली झालेला अभ्यास २०२३ मध्ये चर्चेत आला. त्यात २०१९ चे सर्वाधिक कमाईचे २५ हिंदी सिनेमे आणि २०१२ ते २०१९ मधले दहा स्त्रीकेंद्री सिनेमे तपासले होते. त्यातली ७२ टक्के पात्रं पुरुषांची निघाली. आता साधं गणित करा. दहा पात्रांत सात पुरुष असतील, तर कुठलीही दोन पात्रं समोरासमोर आली तरी ती दोन्ही स्त्रिया असण्याची शक्यता पंधरात एकच उरते. लेखकाच्या मनात काही वाईट नसलं तरी चाचणीची दुसरी पायरी इथेच निसटते.

मग चाचणी फसते कुठे?

भरपूर ठिकाणी. ‘ग्रॅव्हिटी’मध्ये सँड्रा बुलक जवळजवळ एकटीच्या खांद्यावर सिनेमा पेलते, पण अंतराळात दुसरी बाई भेटणार कुठून? नापास. उलट आपल्या टीव्हीवर रात्री सात ते दहा लागणारी कुठलीही सासू-सुनांची मालिका घ्या. पहिल्या पाच मिनिटांत पास! खिरीत काय कालवायचं, तिजोरीच्या किल्ल्या कुणाकडे राहणार, मंगळसूत्र कुणी चोरलं, असे सगळे विषय पुरुषाविना. म्हणून ती मालिका स्त्रियांना मान देते असं म्हणायचं का?

तेव्हा हे स्पष्ट असू द्या, की पास होणं म्हणजे सिनेमा स्त्रीवादी असणं नाही, चांगला असणं तर नाहीच. आणि नापास म्हणजे वाईट असंही नाही. बेकडेल यांनी कधी तसा दावा केलेला नाही, ते आपण लोकांनी तिच्या माथी मारलंय.

खरी मजा सीमारेषेवरच्या सिनेमांत आहे. ‘शोले’तली बसंती हिंदी सिनेमातली सगळ्यात बडबडी बाई, पण तिची बहुतेक बडबड जय-वीरूसमोर. ज्या राधाला तिचं ऐकून घेता आलं असतं, ती सिनेमाभर जवळपास मुकी आहे. आमच्या डेस्कवर एकानं गंभीरपणे मुद्दा मांडला, की धन्नो ही घोडी आहे, तिला नाव आहे आणि बसंती तिच्याशी बोलते. आम्ही तो मतदानाला टाकला. फेटाळला गेला.

रितेश बत्रांचा ‘द लंचबॉक्स’ (२०१३) मला सगळ्यात अवघड वाटतो. मुंबईतल्या स्वयंपाकघरातली इला आणि वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी. खिडकीतून खिडकीत हाका, दोरीला बांधलेल्या टोपलीतून मसाल्याची देवाणघेवाण. पण आंटी पडद्यावर एकदाही दिसत नाहीत, ऐकू येतो तो फक्त भारती आचरेकरांचा आवाज. आता मोजायचं का? आणि विषय काय धरायचा? बोलणं भाजीत काय घालायचं याचं आहे, पण ती भाजी नवऱ्याचं मन वळवण्यासाठी आहे. आंटी वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याबद्दल सांगतात आणि त्याच बोलण्यात फिरत्या पंख्याबद्दलही. यातलं किती ‘पुरुषाबद्दल’ आणि किती एका बाईच्या दिवसाबद्दल, हे ठरवणारी पट्टी कुणाकडे आहे? माझ्याकडे तरी नाही. पण हा प्रश्न मनात घेऊन सिनेमा पुन्हा पाहिला, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की इलाच्या आयुष्यात तिचं ऐकणारी बाई एकच आहे आणि तीही भिंतीपलीकडे. एवढं दाखवलं तरी चाचणीचं काम झालं, असं मी म्हणेन.

आणि आपला मराठी सिनेमा?

सुरुवातीपासून सुरुवात करू. दादासाहेब फाळकेंचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. मूकपट, त्यामुळे बोलण्याचा प्रश्न नाही. पण पहिल्या पायरीवरच अडचण आहे. त्यातली तारामती केली होती अण्णा साळुंके यांनी. तेव्हा सिनेमात काम करायला बाई मिळेना. आमच्या घरातला ‘लक्ष्या मोजायचा का’ हा वाद असा भारतीय सिनेमाच्या जन्माइतकाच जुना निघाला! त्याच वर्षी फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या, पार्वती आणि मोहिनी म्हणून. आपल्या सिनेमातल्या पहिल्या दोन अभिनेत्री मायलेकी होत्या, हे किती जणांना माहीत असतं?

‘उंबरठा’ (१९८२) चाचणीसाठी मुद्दाम लिहिल्यासारखा वाटतो. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीचा आधार. स्मिता पाटीलची सुलभा घर सोडून स्त्रियांच्या सुधारगृहाची अधीक्षक होते. मग संस्थेतल्या बायका, त्यांचं जेवण, शिस्त, संचालक मंडळातल्या बायकांची ढोंगं. दोन बायका समोरासमोर आल्या की काम, पैसा, सत्ता, अपमान यावर बोलतात. पुरुष आहेत, पण प्रत्येक प्रसंगात ते मध्ये उभे नाहीत.

एक योगायोग मला आवडला. बेकडेल यांची चित्रपट्टी १९८५ ची आणि पुण्यात सुमित्रा भावे यांचा पहिला लघुपट ‘बाई’, तोही १९८५ चा. भावे मूळच्या समाजशास्त्राच्या. वस्तीतल्या बाईच्या जगण्याचा अभ्यास कागदावर मांडण्यापेक्षा तो त्या बायकांनाच दिसायला हवा, म्हणून त्या कॅमेऱ्याकडे वळल्या. दहा वर्षांनी त्यांनी सुनील सुकथनकर यांच्यासह ‘दोघी’ केला. लग्नाच्या दिवशीच नशीब फिरलेली गौरी, धाकटी कृष्णा आणि आई. सिनेमाच्या नावातच दोन बायका आहेत. दोघींमधलं बोलणं आणि मग न बोलणं, यावरच तो उभा आहे. मात्र दूरदर्शनवर असे सिनेमे लागले की आमच्या घरात चॅनल बदललं जायचं, हेही कबूल करायला हवं. ‘रडका पिक्चर’ म्हणून.

‘श्वास’ (२००४) नापास होतो आणि मला त्याचं काहीही वाईट वाटत नाही. आजोबा, नातू आणि डॉक्टर या तिघांची ती गोष्ट. त्यात बायका एकमेकींशी बोलल्या तरी विषय परशुरामाच्या डोळ्यांचाच असणार. (आता सात-आठ वर्षांचा मुलगा ‘पुरुष’ धरायचा का, हा आणखी एक वाद. आणि ‘बनवाबनवी’तला परशुराम, ‘श्वास’मधला परशुराम, ‘सैराट’मधला परश्या, असे मराठी सिनेमात परशे किती याचीही एक चाचणी लावायला हरकत नाही.)

‘सैराट’ची (२०१६) गोष्ट वेगळी आहे. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, वर्गात सगळ्यांना गप्प करते. मराठीतली अलीकडची सगळ्यात दमदार नायिका कोण, असं विचारलं तर बहुतेक जण तिचंच नाव घेतील. तरी पूर्वार्धात तिचं आणि मैत्रिणीचं बोलणं बहुतेक परश्याभोवती फिरतं. प्रेमकथा आहे, ते स्वाभाविकच. चाचणीच्या दृष्टीनं सिनेमा बदलतो तो हैदराबादला. तिथे आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते आणि पूजा नावाच्या सहकारी मुलीकडून तेलुगू शिकते. पाटलाची मुलगी पहिल्यांदा स्वतःच्या कमाईवर उभी राहते ते परक्या शहरातल्या बायकांच्या मदतीनं. सगळं लक्ष शेवटाकडे असल्यानं हा भाग आपण सहज विसरतो.

गौरी शिंदेंच्या ‘इंग्लिश विंग्लिश’मधली (२०१२) पुण्याची शशी गोडबोलेही अशीच. इंग्रजीच्या क्लासचं गुपित ती उघडं करते ते भाची राधापुढे. नवऱ्याला पत्ताही नसतो.

मग आला ‘झिम्मा’ (२०२१), परदेशी सहलीला निघालेल्या बायकांचा. त्यानंतर २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा. वैशाली नाईक यांचं लेखन, केदार शिंदेंचं दिग्दर्शन. थिएटरबाहेर साड्या नेसून आलेल्या बायकांचे घोळके तुम्ही पाहिले असतील, कदाचित तुमच्याच घरातून एक गेला असेल. समीक्षकांनी सिनेमाला नावं ठेवली, काही बरोबरही होती. पण चाळिशी-साठीच्या सहा बायका पडद्यावर बहुतेक वेळ एकमेकींशी भांडतायत, जुने हिशेब काढतायत, हे बघायला प्रेक्षक येत नाही असं आता मराठीत तरी कुणी म्हणू शकणार नाही.

एकाच अभिनेत्रीच्या तीन भूमिका

चाचणीच्या ‘हो/नाही’पेक्षा जास्त काही समजून घ्यायचं असेल, तर छाया कदम यांच्या तीन भूमिका बघा. ‘सैराट’मध्ये पळून आलेल्या जोडप्याला आसरा देणारी सुमन अक्का. किरण राव यांच्या ‘लापता लेडीज’मध्ये (२०२४ मध्ये प्रदर्शित) स्टेशनवर चहाचा स्टॉल चालवणारी मंजू माई, जी फूलला स्वतःच्या कष्टाचा पैसा हातात घ्यायला शिकवते. आणि पायल कपाडिया यांच्या, कान महोत्सवात ‘ग्रां प्री’ मिळवणाऱ्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’मधली पार्वती.

ही पार्वती मुंबईतल्या हॉस्पिटलात स्वयंपाकीण. घर बिल्डरच्या टॉवरखाली जाणार आणि तिच्या नावावर कागद एकही नाही. ती आणि नर्स प्रभा कागद शोधतात, वकिलाकडे जातात, बिल्डरच्या जाहिरातीवर दगड मारतात आणि शेवटी पार्वती रत्नागिरीकडच्या गावी परतते. दोन बायका घराच्या कागदांबद्दल बोलतायत, असं दृश्य यापूर्वी पडद्यावर कधी पाहिलं होतं, ते मला आठवेना.

हे मशिनला जमेल का?

इंजिनीअर असल्यानं मला पहिला मोह प्रोग्रॅम लिहायचा झाला. सबटायटलची फाइल घ्यायची, बायकांची नावं शोधायची, संपलं. अर्ध्या तासात लक्षात आलं, की सबटायटलमध्ये काय बोललं ते असतं, कोण बोललं ते बहुतेक वेळा नसतं. पटकथा हातात असेल तर काम सोपं. ‘द पुडिंग’ या संकेतस्थळानं २०१६ मध्ये सुमारे दोन हजार इंग्रजी पटकथांतले संवाद पात्रांनुसार मोजले ते त्यामुळेच. मराठी पटकथा अशा मोठ्या संख्येनं छापलेल्या मिळत नाहीत. एक फायदा मात्र मराठीत आहे. ‘गेले’, ‘आले’, ‘करते’ अशा क्रियापदांवरून बोलणारी बाई आहे हे इंग्रजीपेक्षा लवकर कळतं. फक्त मराठवाड्यातल्या, कोल्हापूरकडच्या बोलीत ‘मी आलो’ म्हणणाऱ्या मुलीही भेटतात. माझ्या प्रोग्रॅमनं त्यांना पुरुष ठरवलं असतं. शेवटी माणसालाच बसून सिनेमा बघावा लागतो.

दुसऱ्या चाचण्या आहेत का?

आहेत. ‘पॅसिफिक रिम’मधल्या माको मोरीवरून निघालेली चाचणी विचारते, की नायिकेची स्वतःची अशी गोष्ट आहे का, जी पुरुषाच्या गोष्टीला टेकू देण्यापुरती नाही? कॉमिक्स लेखिका केली सू डिकॉनिक यांची चाचणी आणखी खवचट आहे. स्त्रीपात्र काढून तिथे एक दिमाखदार दिवा ठेवला आणि तरीही कथा तशीच चालली, तर तुमची पटकथा नापास. ही आपल्या बऱ्याच ‘मास’ सिनेमांना लावून बघा, दिवाळी होईल.

उपाय म्हणून अभिनेत्री जीना डेव्हिस सांगतात ते मला सगळ्यात व्यवहारी वाटतं. लिहून झालेली पटकथा घ्या, काही पुरुष पात्रांची नावं बायकांची करा आणि गर्दीच्या दृश्यात अर्ध्या बायका असतील असं लिहून टाका. ‘एलियन’च्या पटकथेत जवळपास हेच झालं होतं. वकील, तलाठी, मेकॅनिक, बँकेतला साहेब ही पात्रं सवयीनं पुरुष म्हणून लिहिली जातात, कुणी ठरवून नाही. माझ्या मेकॅनिकलच्या वर्गात साठात सहा मुली होत्या. त्या एकमेकींशी बोलायच्या ते बहुतेक व्हायवा आणि सबमिशनबद्दल. कॉलेजवरच्या सिनेमांत मी हे ऐकलेलं नाही.

घरची चाचणी

‘बनवाबनवी’ अर्ध्यावर राहिला, कारण आईला मावशीचा फोन आला. बहिणीनं गमतीनं स्टॉपवॉच सुरू केलं. आधी गॅसचं बुकिंग, मग मावशीचा गुडघा, भिशीचा नंबर, शेवग्याच्या शेंगांचा भाव. मग आवाज जरा खाली गेला. गावाकडच्या जमिनीचं हक्कसोडपत्र. दोघी बहिणींनी सह्या कराव्यात असं निरोपावर निरोप येतायत. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा मुलांइतकाच हक्क आहे, हे आईला माहीत आहे, मावशीलाही.

‘‘मामाचा विषय आला, म्हणजे फेल,’’ बहीण कुजबुजली.

आईनं फोनवर हात ठेवला. ‘‘मामाचा नाही गं, जमिनीचा विषय आहे,’’ म्हणाली आणि फोन घेऊन गॅलरीत गेली.

स्टॉपवॉचवर तेव्हा एकवीस मिनिटं झाली होती. मावशी गुरुवारी दुय्यम निबंधक कार्यालयात चौकशीला जाणार आहे. आई तिच्याबरोबर जाणार की नाही, ते अजून ठरलेलं नाही.